आधी सरकारचे पैसे वेगळे काढा

प्रश्न : कोथरूडला जुन्या सोसायटीतला फ्लॅट 70 लाखांना घेतोय. एका वकिलांनी 18,000 फी सांगितली, दुसऱ्यांनी व्यवहाराच्या अर्धा टक्का. एजंट म्हणतो, ‘रजिस्ट्रेशनसकट सगळं 5 लाख 45 हजारांत करून देतो.’ यातलं स्वस्त कोणतं?

उत्तर : एजंटच्या आकड्यात बहुतेक पैसे सरकारचे आहेत. पुणे मनपा हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4,90,000. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000. बेरीज 5,20,000, एजंटचे उरले 25,000. (रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत 70 लाखांच्या वर गेली, तर शुल्क तिच्यावर.) अर्धा टक्का म्हणजे 35,000. आता 18, 25 आणि 35 हजार शेजारी ठेवा.

फ्लॅट एकट्या पत्नीच्या नावावर घेतलात, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे 70,000 वाचतील. पतीचं नाव जोडलं की ती गेली. फीची घासाघीस त्यानंतर करा.

मग प्रत्येकाला विचारा : सर्च, म्हणजे फ्लॅटच्या जुन्या दस्तांचा शोध, किती वर्षांचा आणि कुठे? 30 वर्षांचा हवा. पुण्यात हवेली तालुक्याची दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी) कार्यालयं अनेक आहेत आणि दस्त त्यांतल्या कुठल्याही कार्यालयात नोंदवलेला असू शकतो; एकाच कार्यालयाच्या सर्चमधून मधला गहाणखताचा दस्त सहज निसटतो. ‘सर्च झाला’ म्हणून हातात फक्त शेवटच्या खरेदीची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) मिळाली, तर तो सर्च नव्हे. लेखी, सहीचा सर्च रिपोर्ट मागा. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करार वकील वाचणार का, मसुदा स्वतः करणार की छापील नमुन्यात नावं बदलणार, जाहीर नोटिशीचा वर्तमानपत्राचा खर्च फीत आहे का, नोंदणीच्या दिवशी सोबत कोण येणार, हेही लिहून घ्या. जुन्या फ्लॅटमध्ये मधलाच एखादा मूळ करार हरवलेला असतो आणि तो टोकन दिल्यावर आठवतो! सर्च आधी, टोकन नंतर.

बँकेचा वकील बँकेसाठी तपासतो, तुमच्यासाठी नाही. आणि स्वतःच्या राहत्या घरासाठी वकिलाच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलात 18 टक्के दिसले तर विचारा.

प्रश्न : फ्लॅट विकतोय. ना हरकत दाखल्यासाठी सोसायटी एक लाख ‘विकासनिधी’ मागते. द्यावा लागेल का?

उत्तर : नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते तो प्रीमियम) कमाल 25,000. त्याखेरीज हस्तांतरण फी 500 आणि नव्या सभासदाची प्रवेश फी 100. देणगी ऐच्छिकच असते, नाव काहीही दिलं तरी. मागणी लेखी मागा. बहुतेक वेळा कागदावर आकडा उतरतो. अधिमूल्य कोणी भरायचं हे कायदा ठरवत नाही, तेव्हा ते करारातच लिहा. निम्मं-निम्मं हा रिवाज आहे, हक्क नव्हे.