फोटोत वस्तू झटकन ओळखणारा रोबोट तीच वस्तू घरात शोधायला एवढा वेळ का लावतो?

कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिणं हेच माझं काम, म्हणून तुमच्या या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते.

फोटोत काय बघायचं ते फोटो काढणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. शोधताना कुठे उभं राहायचं, मान कुठे वळवायची, किती जवळ जायचं, हे सगळं यंत्रालाच ठरवावं लागतं. रोबोटिक्सच्या संशोधक रुझेना बायची यांनी 1988 मध्ये हाच मुद्दा ठासून मांडला आणि पुढे त्यातून संशोधनाची एक शाखाच उभी राहिली.

गुहागरला आमच्या घरी आजीला अडकित्ता सापडेना झाला, की ती आधी पानाचा डबा बघते. पितळी डबा लांबूनही चकाकतो आणि अडकित्ता बहुतेक वेळा त्याच्याच आसपास असतो. थॉमस गार्वी या संशोधकाने 1976 मध्ये यंत्रासाठी हीच युक्ती सुचवली होती: टेलिफोन हवा असेल तर आधी टेबल शोधा. मला ही कल्पना आजही फार आवडते.

आता हिशेब बघा. समजा, अडकित्ता ओटीवर असण्याची शक्यता 50 टक्के, माजघरात 30, माळ्यावर 20. ओटीवर उजेड भरपूर, तिथे असलेली वस्तू कॅमेऱ्याला दहातल्या आठ वेळा दिसते. रोबोटने ओटी पाहिली, काही दिसलं नाही. म्हणजे ती खेप फुकट गेली का? मुळीच नाही. अडकित्ता ओटीवर असता तर 50 पैकी 40 वेळा दिसलाच असता, म्हणून ओटीचे 50 उतरून 10 झाले. आता 10, 30 आणि 20 मिळून साठच उरले; त्या साठाला शंभर धरून पुन्हा वाटणी केली की ओटी 17, माजघर 50, माळा 33. न दिसणं हीसुद्धा माहितीच आहे.

प्रत्येक नजरेआधी यंत्र तीन गोष्टी ताडून बघतं: वस्तू तिथे असण्याची शक्यता, असली तर दिसण्याची शक्यता आणि तिथवर जायचा वेळ. सगळ्यात चांगला क्रम आधीच का काढून ठेवत नाही? कारण ठिकाणं वाढत गेली की ते गणित कॉम्प्युटरच्याही आवाक्याबाहेर जातं. यिमिंग ये आणि जॉन त्सोत्सोस या संशोधकांनी ते दाखवून दिलंय. म्हणून पुढची एक नजर तेवढी नीट निवडायची, मग त्यापुढची. वेळ जातो तो बराचसा चालण्यात आणि वळण्यात.

माजघरात मात्र अंधार. दारातून पाहिलं तर तिथली वस्तू दहात तीनदाच दिसते. तिथेही काही दिसलं नाही, तरी माजघराचे 50 उतरून 41 वरच थांबतात, माळा 39 वर येतो. माजघर अजूनही पुढेच. त्यात माळ्याचा जिना चढणं महाग. पण त्याच दारातून पुन्हा बघण्यात अर्थ नाही, तेच चित्र दिसेल. म्हणून रोबोट दिवा लावून आत शिरतो आणि भाताच्या कणगीला वळसा घालून तिच्या मागे बघतो.