आठ फूट खोल चरीत मजूर उतरवताना वर एक माणूस लक्ष ठेवायला उभा केला, तर पुरेसं आहे का?

नाही. ड्रेनेज लाइनच्या कामांवर सुपरवायझर आहे, त्यामुळे "वरून लक्ष आहे की!" हे रोज ऐकतो. चरीची बाजू सुटते ती एका दमात. वरचा ओरडेपर्यंत खालचा गाडला गेलेला असतो. त्यात पाइपाचा सांधा जुळवताना माणूस ओणवा, म्हणजे पळायलाही वाव नाही.

एक घनमीटर माती दीड ते दोन टनांपर्यंत भरते. तोंड उघडं राहिलं तरी छातीपर्यंत गाडलेला माणूस गुदमरतो. श्वास सोडला की माती तेवढी घट्ट बसते, पुढच्या श्वासाला छाती फुगतच नाही.

"जमीन कडक आहे" असं ठेकेदार म्हणत असेल, तर वस्तीतल्या रस्त्यात अखंड मुरूम लागतो कुठे, ते त्याला विचारा. शेजारून जुनी पाण्याची लाइन नाहीतर केबल गेलेली असते. तिचा भराव भुसभुशीत, वर डांबर, त्यामुळे कळत नाही. नवी चर त्याला समांतर गेली की मध्ये मातीचा जेमतेम पडदा उरतो. लाइन पाझरत असेल तर बघायलाच नको. काळी माती सुकून भेगाळली की तिचाही भरवसा नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटात सुरक्षेची कलमं असतात (वाचतो कोण, ते सोडा). चर १.५ मीटर किंवा जास्त खोल असेल तर बाजूंना ढाळ द्यायचा, नाहीतर फळ्या-बल्ल्यांचा पक्का आधार. काढलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त तेवढी लांब. तुमच्या चरीला १.५ मीटर, म्हणजे पाच फूट. जेसीबीवाला मात्र ढीग काठालाच लावतो, त्याला सोपं पडतं. गल्ली अरुंद असेल तर माती डंपरमध्ये भरून हलवायची, खर्च वाढला तरी. शिडी तळापासून जमिनीच्या वर ९० सेंमी आलेली हवी.

वरच्या माणसाचा उपयोग एवढाच: काठाला समांतर बारीकशी भेग दिसली, खडे घरंगळले, तळाला पाणी आलं, की सगळ्यांना वर काढायचं. चर ढासळलीच, तर कुणी आत उडी मारू नये, दुसरी बाजूही येते. १०१ किंवा ११२ ला फोन, जवळची वाहनं बंद. माणूस अडकलाय तिथे जेसीबीचं बकेट अजिबात घालू नका.