आधी खूर उचलून बघा, खांदा नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फलटणजवळ सात वर्षांची काठेवाडी घोडी, रविवारी संध्याकाळी रपेटीत मध्येच पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागली. सूज नाही, जखम नाही. पाच दिवसांपूर्वी नवे नाल मारलेत. ओळखीचे म्हणतात खांद्याला तेल चोळा, दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्या आणि थोडं थोडं चालवत राहा. तसं करावं का?

नका करू. तुम्ही तिथल्या तिथे उतरून तिला चालत घरी आणलीत, ते फार बरं केलंत. आता तिला कोरड्या, सपाट जागेत उभी ठेवा, चंदी (दाणा) कमी करा, गवत आणि पाणी पुढ्यात असू द्या. इंजेक्शनची घाई नको, कारण दुखतंय म्हणूनच ती त्या पायावर भार टाकत नाहीये. आत हाडाला बारीक चीर असेल आणि दुखणं दाबून तुम्ही तिला चालवलीत, तर ती चीर फाकू शकते. शिवाय डॉक्टर येतील तेव्हा घोडी बरी दिसेल आणि दुखतंय कुठे ते त्यांना सापडणार नाही. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक या दुखणं दाबणाऱ्या औषधावर 2006 पासून बंदी आहे, ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली म्हणून. तरी माणसांच्या दुकानातून आणून ते टोचणारे अजून भेटतात. तुम्ही त्यांचं ऐकू नका.

मी माथेरानच्या घोडेवाल्याच्या घरात वाढलो. दस्तुरी नाक्याच्या पुढे गावात मोटार येत नाही, त्यामुळे आमचं पोट घोड्याच्या चार पायांवरच. घोडा जरा पाय चोरतोय असं दिसलं की वडील आधी खाली बसायचे आणि खूर मांडीवर घ्यायचे. बाकीचं सगळं त्यानंतर. हे बघत मोठा झालो, तरी स्वतःच्या चांदणी घोडीच्या वेळी मी चुकलो. तिचा खांदा धरलाय असं चार जाणत्या माणसांनी सांगितलं आणि मी तीन दिवस तेल चोळून शेकत राहिलो. चौथ्या दिवशी तिने पाय टेकवायचाच सोडला. नुसतं खुराचं टोक जमिनीला लावून उभी, मान खाली, पुढ्यातलं गवत तसंच. पाचव्या दिवशी खुराच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथून, काळपट घाण वासाचा पू बाहेर आला आणि तासाभरात घोडी पाय टेकायला लागली. चारही दिवस दुखणं खुरात होतं. पहिल्या दिवशी कोणी खालून वाट करून दिली असती, तर तिचे ते चार दिवस वाचले असते. मला आजही ते बोचतं.

अचानक, एकाच पायाने, जोरात लंगडणाऱ्या घोड्यात खुरातला पू हे सगळ्यात जास्त सापडणारं कारण आहे. घोडी भयंकर लंगडते, पण बाहेरून काहीच दिसत नाही. खुराची भिंत कडक असल्यामुळे आत सूज यायला जागा नसते, म्हणून कळ एवढी मोठी.

आता बसून बघा. खूर नीट खरवडून साफ करा. नाल आणि तळवा यांच्यात खडा अडकलाय का, मधल्या मऊ भागाशेजारच्या खाचांत काही रुतलंय का, काळा ठिपका दिसतो का? मग दोन्ही पुढच्या खुरांवर एकाच वेळी तळहात ठेवा आणि कोणता गरम लागतो ते पाहा. त्यानंतर खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटांनी नाडी शोधा. निरोगी पायात ती जेमतेम सापडते. खुरात दुखणं असेल तर बोटाखाली ठणठण उडते. ही नाडी एरवी, घोडी धडधाकट असताना, चाचपून ठेवायची सवय लावा.

तुमच्याबाबतीत पाच दिवसांपूर्वीचे नाल ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खिळा जिव्हाळीला, म्हणजे खुराच्या आतल्या जिवंत भागाला, लागला तर तो ठोकतानाच घोडा पाय ओढतो. पण नुसता जिव्हाळीच्या जवळून गेला असेल, तर आत दाब बसत राहतो आणि काही दिवसांनी घोडा लंगडतो. नालबंदाला बोलवा. त्याच्याशी भांडू नका, पातळ भिंतीच्या खुरात चांगल्या हाताकडूनही हे होतं. एकेका खिळ्यावर हलकेच ठोकायला सांगा. ज्यावर घोडी दचकेल तो आधी काढायचा आणि नीट बघायचा. खिळा ओला, काळा, वास मारणारा निघाला तर उत्तर मिळालंच. मग नाल काढून डॉक्टरांकडून पुवाला वाट करून घ्या. भोक लहानच हवं, तळवा कोरत बसलं तर भरायला महिने लागतात. त्यानंतर कोमट पाण्यात मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) टाकून पाय बुडवायचा, कोरडा करायचा आणि बांधायचा. आम्ही लहान मुलांचा डायपर खुराला गुंडाळतो, वर पट्टी, तिच्यावर रुंद चिकटपट्टीचे तीन-चार थर. रोज बदलायचं. धनुर्वाताची लस झाली नसेल तर ती लगेच द्या, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

बाहेरचा खिळा किंवा तार तळव्यात रुतलेली दिसली, तर उपटून काढू नका. किती खोल आणि कोणत्या दिशेने गेलीय हे ती जागेवर असतानाच एक्स-रेत कळतं. डॉक्टर येईपर्यंत तिच्या भोवती जाड घडी बांधा, म्हणजे भार पडून ती आणखी आत जाणार नाही.

खूर थंड असेल, नाडी शांत असेल, तर वर सरका. गुडघ्याखाली नळीच्या हाडामागच्या दोरीवरून (शिरेसारख्या जाड स्नायुबंधावरून) दोन बोटं सावकाश फिरवा आणि चांगल्या पायाशी ताडून बघा. तिथे गरम, फुगीर लागलं तर थंड पाण्याची धार वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. ते दुखणं महिन्यांचं असतं, तिथे घाई केली की घोडी कायमची कामातून जाते.

काही गोष्टींत मात्र रात्र काढायची नाही. दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून घोडी मागे रेलून उभी असेल, विशेषतः चंदीच्या पोत्यात तोंड घालून बसली असेल तर. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी येत असेल तर. मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली असेल, तर तिला एक पाऊलसुद्धा चालवू नका. पाय विचित्र लोंबत असेल तरीही तसंच. 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारा.

पू निघून गेला की बहुतेक घोडी दोन दिवसांत उड्या मारायला लागते, आणि तेव्हाच मालक खोगीर चढवतो. थांबा. भोक कोरडं आणि कडक होऊ द्या, नाल परत बसू दे. मग कडक रस्त्यावर कोणाला तरी तिला हातात धरून दुडकी पळवायला सांगा आणि तुम्ही समोरून डोकं बघा. दुखरा पाय टेकताना ती डोकं वर उचलते, चांगला टेकताना खाली सोडते. डोकं दोन्ही पायांवर सारखं राहिलं, तरच खोगिराचा तंग आवळा.

नाडी कशी लागली आणि कोणता खिळा निघाला, ते इथे कळवा. मी बघत असतो.