चार वर्षांच्या मुलासोबत कमी खर्चात घरी काय करावे आणि दिवाळीत त्याच्या हातून भेट म्हणून काय द्यावे?

आपला मुलगा चार वर्षांचा आहे, खेळण्यांवर फार खर्च करायचा नाही आणि दिवाळीत आजी-आजोबांना व चुलत भावंडांना त्याच्या हातून काहीतरी द्यायचे आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करू नये. दुपारी मूल जे करत बसते, तेच वाळवून आणि नाव घालून दिले की त्याची भेट होते. शिवाय हे कोणासाठी चालले आहे ते ठाऊक असले की मूल एरवीपेक्षा जास्त वेळ एका जागी टिकते, असा माझ्या मुलीच्या बाबतीतला अनुभव आहे.

बाजारातली क्राफ्टची किट मात्र घेऊ नका. त्यांत सगळे आधीच कापलेले असते, मुलाला फक्त चिकटवायचे उरते, आणि चमकीचा चुरा पुढे महिनाभर गादीखाली सापडत राहतो.

सुरुवात हळदीच्या शुभेच्छापत्राने करावी. हळद थोड्या पाण्यात दाटसर कालवून ती कापसाच्या बोळ्याने ड्रॉइंगच्या जाड कागदावर मुलाला फासू द्यावी (अंगात जुना बनियन असावा, कारण हे डाग निघत नाहीत) आणि कागद सावलीत वाळू द्यावा. मग कपड्यांच्या साबणाचे किंवा खायच्या सोड्याचे पाणी वाटीत घेऊन, त्यात कापूस गुंडाळलेली काडी बुडवून कागदावर रेघ ओढायला सांगावी. पिवळ्यावर लालभडक रेघ उमटते. हळदीतला रंग अल्कलीने लाल होतो आणि आम्लाने पुन्हा पिवळा, म्हणून नको असलेली रेघ लिंबाच्या रसाने पुसताही येते. आपण कारण सांगा अथवा न सांगा, मूल लिंबू आणि साबण आलटून पालटून लावत बसते आणि निम्मे कागद त्यातच संपतात, तेव्हा कागद जास्तच रंगवून ठेवावेत. हा रंग उन्हात उडतो, एवढे आजीला आधीच सांगून ठेवावे.

आजोबांसाठी करवंटीतली मेथी. नारळ फोडल्यावर डोळे असलेली अर्धी करवंटी ठेवून द्यावी. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, त्यातून खिळा सहज आरपार जातो आणि पाणी निचरायला वाट होते. खिळ्याचे काम आपले, बाकीचे मुलाचे. रात्रभर भिजवलेले मेथीचे दाणे मातीवर दाट पसरून वर मातीचा पातळ थर द्यावा आणि पाणी घालायला झाकणाला भोके पाडलेली बाटली द्यावी, नाहीतर तांब्याने पाणी घालून बी वाहून जाते. अंगणात किल्ला करत असाल तर त्यावर मोहरी किंवा अळीव पेराल त्याच दिवशी हेही उरकते. वसुबारसेच्या दोन दिवस आधी पेरले तर भाऊबीजेपर्यंत बोटभर मेथी उभी राहते, आणि ती कापून आजीला थालीपिठातही घालता येते.

चुलत भावंडे सात-आठ वर्षांची असतील तर निव्वळ कार्ड पाहून त्यांची तोंडे वाकडी होण्याची शक्यता आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यासाठी नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतले एखादे मराठी पुस्तक घ्यावे; ही पुस्तके स्वस्त असतात. त्यावरचा कागद मात्र मुलाने तयार करावा. भेंडी आडवी कापून तिचे तोंड रंगात बुडवले की वर्तमानपत्रावर फुले उमटतात. रद्दीतले शब्दकोड्याचे किंवा छोट्या जाहिरातींचे पान त्यासाठी छान दिसते. चिकटवायला कणकेची खळ शिजवावी. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी असल्याने लहान मूल असलेल्या घरात घालू नये आणि खळ लागेल तेवढीच ताजी करावी.

याहून पुढे जायचे असेल तर अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ पाहावे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संकेतस्थळावर कृती आणि मराठी पुस्तके फुकट मिळतात, फक्त त्यातली बरीचशी खेळणी थोड्या मोठ्या मुलांसाठी आहेत. चार वर्षांच्या मुलासाठी कागदी भिरभिरे किंवा स्ट्रॉची पिपाणी निवडावी.

आणखी एक विनंती आहे. मुलाचे वाकडे फूल सरळ करू नका आणि त्याच्या कार्डावर आपल्या सुंदर अक्षरात मजकूर लिहू नका. ते जे बोलेल तेच शब्द मागच्या बाजूला, तारखेसह, लहान अक्षरात उतरवून ठेवले की पुरे.