आधी कुठलं कर्ज फेडायचं?

प्रश्न : हातात पगार ४६,००० येतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी ९०,००० (दरमहा साडेतीन टक्के), पर्सनल लोन २,१०,००० शिल्लक (१६ टक्के, हप्ता ७,४००), पतसंस्थेचं कर्ज ५५,००० (हप्ता २,५००, कामावरचा मित्र जामीन आहे). शिवाय दहा जणांची ३,००० ची भिशी. चार महिने झाले, माझा नंबर शेवटचा. मुलीच्या शिक्षणासाठी ८०,००० ची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. कार्डाची किमान रक्कम न चुकता भरतो, तरी आकडा हलत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : आकडा का हलत नाही ते आधी बघा. ९०,००० वर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याला ३,१५० व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी ५६७. झाले ३,७१७. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही ४,५०० भरता, त्यातले मुद्दलात जातात फक्त ७८३. त्या महिन्यात कार्डावर हजाराचं पेट्रोल टाकलं की थकबाकी उलट वाढते. शिवाय मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. म्हणून पहिलं काम, कार्ड घरी ठेवा आणि मोबाइल, वीज, ओटीटी असं जे जे त्यावरून आपोआप कापलं जातं ते बँक खात्यावर वळवा.

आता एफडी. सात टक्के व्याज धरलं तर ८०,००० वर बँक तुम्हाला महिन्याला साधारण ४६७ रुपये देते. तेवढ्याच रकमेवर कार्ड तुमच्याकडून जीएसटीसकट ३,३०४ घेतं. एफडी मुलीच्या नावाने बाजूला काढलीत, त्यामागची माया समजते, पण आज ती मुलीसाठी वाढत नाहीये. मोडा आणि ७५,००० कार्डात भरा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजदरात साधारण अर्धा ते एक टक्का कापते, त्याची चिंता नको. मुदत महिन्या-दोन महिन्यांवर आली असेल तर मात्र एफडीवरच कर्ज काढा. दर एफडीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो.

कार्डाचे उरले १५,०००. इथे भिशी कामी येते. तुमची भिशी चिठ्ठीची असेल तर ज्याला यंदा घाई नाही अशा कुणाशी नंबर बदलून घ्या. ३०,००० हातात आले की १५,००० कार्डात भरून ते शून्यावर आणा आणि बाकीचे १५,००० अडीअडचणीला वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला कार्ड पुन्हा बाहेर निघेल. उरलेले सहा हप्ते, म्हणजे १८,०००, वेळेवर भरायचेच आहेत. बोलीची भिशी (जो जास्त रक्कम सोडायला तयार, त्याला आधी मिळते) असेल तर हिशेब वेगळा : बोलीत किती सोडावे लागतात ते कार्डाच्या व्याजाशी ताडून बघा. आणखी एक, कार्ड पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं. ते भरायला विसरू नका. त्या शे-दोनशेपायी पुन्हा लेट फी लागू शकते.

कार्डाचे ४,५०० मोकळे झाले की ते पर्सनल लोनकडे वळवा. मुदतीआधी थोडी रक्कम भरली तर बँक किती शुल्क घेते ते मंजुरीपत्रात बघा. चार टक्के आणि जीएसटी असेल तर २०,००० भरताना ९४४ जातील, पण वर्षभराचं साधारण ३,२०० व्याज वाचेल. बँकेला सांगा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा.

या सगळ्यात पतसंस्थेचा हप्ता एकदाही चुकवू नका. तो थकला तर वसुलीचा दाखला (सहकार निबंधकांचा वसुली आदेश) तुमच्याइतकाच जामीनदारावरही येतो आणि मित्राच्या पगारातून कपात सुरू होऊ शकते. व्याजदर काहीही असो, तो हप्ता पगाराच्या दिवशीच बाजूला काढायचा.

प्रश्न : पतसंस्था १२ टक्के म्हणते, बँक १५. पतसंस्थाच स्वस्त ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘फ्लॅट’ की ‘घटत्या शिलकीवर’, एवढं विचारा. ६०,००० वर १२ टक्के फ्लॅट, दोन वर्षं, म्हणजे व्याज १४,४०० आणि हप्ता ३,१००. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर. घटत्या शिलकीने मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँक घटत्या शिलकीवर १५ घेत असेल तर बँक घ्या.

प्रश्न : नोकरी गेल्यावर कार्डाचे १,४०,००० थकले. वसुलीवाला म्हणतो ६०,००० आजच द्या, मिटवून टाकतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. बँकेच्या लेटरहेडवर कार्डाचा खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि ‘ही रक्कम भरल्यावर काही बाकी राहणार नाही’ हे लिहिलेलं हवं. पैसे थेट कार्ड खात्यातच भरा. माणसाच्या यूपीआयवर किंवा रोख दिलेत तर खात्यावर ते दिसतीलच याची खात्री नाही. नंतर नो ड्यूज पत्र मागून घ्या. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ (पूर्ण न भरता मिटवलेलं) असा शेरा लागतो आणि पुढे घरकर्ज मागताना तो आडवा येतो. म्हणून नोकरी लवकर मिळण्याजोगी असेल तर आधी थकबाकीचे हप्ते बांधून मागा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शेजारीपाजारी बोभाटा करायचा नाही. तसं झालं तर वेळ, नंबर लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८.

प्रश्न : गावातल्या एकाकडून ५०,००० घेतले, शेकडा पाच रुपये महिना. पंधरा महिन्यांत ३७,५०० व्याज दिलं, मुद्दल तसंच. कोरा चेक दिलाय आणि २० गुंठ्यांचं खरेदीखतही करून घेतलंय.
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर ९, विनातारण १२ टक्के, आणि इतरांकडून १५ व १८ टक्केच घेता येतात. त्याच्याकडे परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात विचारा. नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज द्या. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाच्या कलम १८ खाली, सावकारीच्या ओघात १५ वर्षांच्या आत लिहून घेतलेली जमीन चौकशीनंतर परत मिळू शकते.

पुरावा आत्तापासून जमवा : खरेदीखताची नक्कल, सातबारा, फेरफार, व्याज दिल्याचे मेसेज, देताना हजर असलेली माणसं. यापुढे रोख देऊ नका, खात्यावरूनच द्या. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली तर ती घरात ठेवून देऊ नका. मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवसांची मुदत असते, त्याच्या आत वकिलाकडून उत्तर गेलं पाहिजे, आणि उपनिबंधकांकडे केलेल्या अर्जाची पोच त्याला जोडा.