वाचकांचे प्रश्न : जुना पाईप कापताना उडालेली धूळ

प्रश्न : मी १६ वर्षे प्लंबिंगचे काम करतो. मागच्या महिन्यात एका जुन्या इमारतीतला राखाडी सिमेंटचा सांडपाण्याचा पाईप मी ग्राइंडरने कापला. तो ॲस्बेस्टॉसचा होता, हे नंतर कळले. तोंडावर फक्त रुमाल होता. त्रास काहीच नाही. तरी एक्स-रे काढावा का? कामाचे कपडे पत्नी घरी धुते, तिलाही धोका आहे का?

उत्तर : ॲस्बेस्टॉस हे अतिशय बारीक तंतूंचे खनिज आहे. महिन्यापूर्वी श्वासावाटे आत गेलेले हे तंतू आजच्या एक्स-रेत दिसणार नाहीत, त्यामुळे केवळ या प्रसंगासाठी तो काढून हाती काही लागणार नाही. ॲस्बेस्टॉसिस (तंतूंमुळे फुप्फुसे कडक होत जाण्याचा आजार), फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग, हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतात. म्हणून आज त्रास नाही, यावरून काहीच ठरत नाही. एका कापण्यातून वाढलेला धोका लहानच असतो. मला अधिक काळजी वाटते ती आपल्या १६ वर्षांची, कारण असे पाईप आपण याआधीही नकळत कापले असण्याची शक्यता आहे. आपण काय काम करता, हे डॉक्टरांना सविस्तर सांगून त्याची नोंद करून घ्यावी आणि फुप्फुसांची तपासणी किती दिवसांनी करायची, ते त्यांनाच ठरवू द्यावे. धूम्रपान करीत असाल तर ते सोडावे. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त वाढतो.

सिमेंटमध्ये घट्ट बसलेले तंतू पाईप अखंड असेपर्यंत फारसे सुटत नाहीत. ग्राइंडरची वेगाने फिरणारी चकती मात्र त्यांची बारीक धूळ करून हवेत उडवते. त्याहून घातक असते ते गरम पाण्याच्या जुन्या पाईपांवरचे आणि बॉयलरवरचे पांढरट, भुसभुशीत वेष्टन, जे हाताने चुरडले तरी तंतू सोडते. जुन्या गॅस्केटमध्ये (गळती रोखण्यासाठी सांध्यात बसवलेल्या पट्टीत) आणि सांध्यांत भरलेल्या दोरीतही ॲस्बेस्टॉस सापडते. नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते. म्हणून जुन्या कामात संशय आला की ते आहे असेच धरून चालावे आणि ग्राइंडर बाजूला ठेवावा. वेष्टनाला तर आपण हातच लावू नये, ते काम प्रशिक्षित लोकांचे आहे. रुमालाचा उपयोग जवळजवळ शून्य. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा, म्हणजे अतिबारीक धूळही अडवणारा मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही.

पत्नीविषयीची आपली शंका रास्त आहे. कामगारांच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीमुळे कुटुंबीयांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. कपडे घरी झटकू नयेत. अशा कामासाठी एकदाच वापरून टाकायचा अंगरखा घालावा आणि तो कामाच्या जागीच पिशवीत बंद करावा. त्या दिवशीचे कपडे अजून धुतलेले नसतील, तर ते ओले करून पिशवीत बांधावेत आणि टाकून द्यावेत. पाईपाचा उरलेला भाग अजून भिंतीत असेल, तर तो तसाच राहू द्यावा आणि इमारतीच्या मालकाला लेखी कळवावे, म्हणजे पुढचा प्लंबर अजाणता तिथे ग्राइंडर लावणार नाही.