‘येऊ का?’ आणि ‘निघालोय’

नववा महिना लागला की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात आधी फोन करायचा, की सरळ गाडी काढायची? प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. खरा अडथळा बहुतेक वेळा भिडेचा असतो.

नाशिकच्या सिडकोत राहणारी एक ताई आली होती. पहिलं बाळंतपण, त्यासाठी सिन्नरला माहेरी जायचं ठरलेलं, नाव गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात नोंदवलेलं. पस्तिसाव्या आठवड्यात एका रात्री पोट सारखं कडक येऊ लागलं, म्हणून गेली. तपासून घरी पाठवलं. निघताना कुणीतरी म्हणालं, “इतक्यात कसली घाई?” एवढंच वाक्य, पण ते तिच्या मनात घर करून बसलं होतं.

“आता दात आवळून थांबणार, मॅडम. अगदी सहन होईना झालं की मगच.”

“आणि फोन?”

“फोन केला की म्हणतील, हीच का ती परवाची.”

“समजा म्हणाल्या. मग?”

“वाईट वाटेल.”

“आणि पुढे?”

ती थोडी थांबली. “काही नाही. तपासतील, नाहीतर घरी येईन.”

घटना आणि त्या घटनेबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते वेगळं काढलं की निम्मी गाठ सुटते, हे मी इतकी वर्षं सांगत आलेय की घरचेही आता चिडवतात. तिच्या बाबतीत घटना एवढीच होती की एक फेरी जास्त झाली. ‘माझं हसं झालं’ ही भर तिची स्वतःची. शिवाय त्या रात्री जाणं चूक नव्हतंच. 37 आठवडे पुरे व्हायच्या आत पोट वरचेवर आवळत असेल तर तपासूनच घ्यायचं असतं.

तरीही गाडी तिथेच अडली. मग एका भेटीत मी तिला म्हटलं, “हा माझा फोन दवाखान्याचा आहे असं समजा. रात्रीचे 2 वाजलेत. बोला.”

“हॅलो, सॉरी हं सिस्टर, इतक्या रात्री त्रास देतेय… मी येऊ का?”

“तुमच्या सिन्नरच्या घरी मावशी यायच्या असल्या तर काय करतात?”

“फोन करतात.”

“येऊ का, असं विचारतात?”

“छे! निघालोय म्हणतात. म्हणजे आई कुकर चढवते.” आणि ती एकदम गप्प झाली. बाजूला बसलेल्या तिच्या आई, ज्या तोवर “आमच्या वेळी कुठे होते फोन?” म्हणत होत्या, त्याही गप्प.

फोन परवानगीसाठी नसतो, वर्दी देण्यासाठी असतो. हे मला सुचलं त्याचा आनंद आहेच, पण वाक्य तिच्या तोंडून आलं म्हणून ते टिकलं. त्या वर्दीवर पलीकडे बरंच काही हलतं. लहान दवाखान्यांत डॉक्टर रात्री घरी असतात, भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, वॉचमनला गेट उघडायला सांगावं लागतं, फाईल शोधून ठेवली जाते. खोली किंवा काचेची पेटी रिकामी नसेल तर तेही द्वारका चौकाच्या गर्दीत अडकण्याआधीच कळतं. म्हणूनच तो नंबर दिवसा एकदा लावून पाहायचा. रात्री कोण उचलतं ते विचारायचं, आणि दुसरा एक नंबर घ्यायचा.

मग आम्ही फाईलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. नाव, कितवा आठवडा, कितवी खेप, आधी सिझर झालं आहे का, बीपी-साखर, रक्तगट (निगेटिव्ह असेल तर मुद्दाम), कळा कधीपासून, किती मिनिटांनी, किती वेळ टिकतात, पाणी गेलं का आणि रंग कोणता, अंगावर लाल जातंय का, बाळ हलतंय का, आणि पोचायला किती वेळ लागेल. सिन्नरहून गंगापूर रोड म्हणजे 30 किलोमीटरच्या वर. संध्याकाळ असेल तर तासाहून जास्तच धरा.

कळा मोजण्यात घरोघरी एकच चूक होते. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचं अंतर धरतात. मोजायचं ते सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत. 10 ला सुरू झाली, मिनिटभर राहिली, पुढची 10 वाजून 6 मिनिटांनी आली, तर अंतर 6 मिनिटांचं, 5 चं नव्हे. पहिलटकरणीला साधारणपणे 5 मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायला सांगतात. दुसरेपणी त्याआधीच, कारण तेव्हा वेग जास्त असतो. हिच्या डॉक्टरांनी मात्र सिन्नरचं अंतर धरून 8 मिनिटांवरच फोन करायला सांगितलं. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. खोट्या कळा चालल्यावर, पाणी पिऊन पडल्यावर बहुधा ओसरतात. खऱ्या कळा वाढतच जातात, पुष्कळदा कंबरेतून पुढे येतात.

गर्भपिशवीचं तोंड सुरुवातीला फार सावकाश उघडतं. जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून 5 सेंटीमीटरनंतरच्या टप्प्याला जोराच्या कळांचा टप्पा धरते. म्हणून त्याआधी “दोन बोटं उघडलंय, घरी जाऊन या” असं म्हटलं तर ती हाकलून देण्याची भाषा समजू नका.

काही वेळा मात्र फोनसाठी थांबायचंच नाही. लालभडक रक्त जाणं, हिरवट किंवा तपकिरी पाणी, बाळाची हालचाल कमी वाटणं, न सुटणारी सलग कळ, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका (फिट) येणं. लगेच निघायचं, आणि फोन दुसऱ्या कुणीतरी वाटेतून करायचा. पाण्याबरोबर नाळ खाली आली तर ती आत ढकलायची नाही. गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवं व्हायचं, डोकं खाली, कंबर वर, आणि 108 ला फोन. सरकारी दवाखान्यात नाव असेल तर बाळंतपणासाठी 102 ची गाडी मोफत असते. पाणी स्वच्छ गेलं, पण कळा नाहीत, तरी वेळ लिहून ठेवायची, पॅड लावायचं आणि फोन करून निघायचं. सकाळची वाट बघायची नाही.

एक गोष्ट तिच्या नवऱ्याला पटत नव्हती: फोनवर तिनेच का बोलायचं? मी म्हटलं, “सिस्टर शब्दांपेक्षा श्वास जास्त ऐकतात.”

पुढचं मला त्यानेच नंतर सांगितलं. रात्री पावणेतीनला तिने फोन लावला. सॉरी नाही, काही नाही. “सिस्टर, एकोणचाळीसावा आठवडा, पहिली खेप, 7 मिनिटांनी कळ येतेय, पाणी नाही गेलं. सिन्नरहून निघा…” आणि कळ आली. वाक्य तिथेच तुटलं. पलीकडे सिस्टर थांबल्या, कळ ओसरेपर्यंत ऐकत राहिल्या, आणि म्हणाल्या, “या. फाईल काढून ठेवते.”